प्रौढांचे भावबंध कसे मोजावेत: प्रश्न ठरवण्यापासून गुणांचा अर्थ लावण्यापर्यंत

'तुमची अटॅचमेंट स्टाईल कोणती?' हे दोन मिनिटांत सांगणाऱ्या चाचण्यांचा इंटरनेटवर सुकाळ आहे. दहा-बारा प्रश्नांची उत्तरे द्यावीत, शेवटी एक शिक्का मिळावा आणि त्या एका शिक्क्याने आजवरची सगळी नाती उलगडल्यासारखी वाटावीत, असा तो अनुभव असतो. प्रत्यक्ष मोजमाप करायला बसले की मात्र लवकरच लक्षात येते की अडचण उत्तरात नसून प्रश्नातच आहे. 'कोणती शैली' असे विचारताना आपण गृहीत धरतो की माणसे तीन-चार कप्प्यांत विभागलेली आहेत आणि प्रत्येक माणूस सगळ्या नात्यांत एकाच कप्प्यात बसतो. या दोन्ही गृहीतकांना संशोधनाचा फारसा आधार मिळालेला नाही. म्हणून हा लेख साधनांपासून सुरू न करता प्रश्नापासून सुरू होतो. मानसशास्त्राचे विद्यार्थी, समुपदेशक आणि स्वतःविषयी गांभीर्याने कुतूहल असलेले वाचक यांना तो उपयोगी पडावा, असा हेतू आहे.

शब्दांविषयी आधी थोडेसे. 'अटॅचमेंट'साठी मराठीत आसक्ती, अनुबंध, भावबंध असे वेगवेगळे शब्द वापरले जातात. आसक्तीला लोभाची छटा आहे आणि अनुबंध कानाला करारासारखा लागतो, म्हणून इथे 'भावबंध' हा शब्द घेतला आहे. त्याचा अर्थ केवळ प्रेम किंवा जिव्हाळा असा नाही. जॉन बोल्बी यांनी १९६९ ते १९८० या काळात तीन खंडांत मांडलेल्या सिद्धान्तानुसार, भीती वाटली, दुखले-खुपले किंवा एकटे पडले की आपल्याला आधार देणाऱ्या विशिष्ट माणसाकडे धाव घेण्याची एक जन्मजात यंत्रणा माणसात असते आणि ती मोठेपणीही काम करत राहते. त्यामुळे भावबंध मोजणे म्हणजे माणूस किती प्रेमळ आहे हे मोजणे नव्हे. अडचणीच्या वेळी तो कोणाकडे वळतो, वळताना त्याला कशाची धास्ती वाटते आणि वळायचे टाळतो का, हे पाहायचे असते.

पायरी पहिली: नेमके काय मोजायचे आहे ते ठरवा

ही पायरी घाईघाईने ओलांडली जाते आणि पुढचे बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात, म्हणून इथे थोडे थांबतो.

प्रौढांच्या भावबंधांचे मोजमाप दोन स्वतंत्र परंपरांतून वाढले. दोघींचे मूळ एकच, म्हणजे मेरी एन्सवर्थ यांनी लहान बाळांवर केलेली निरीक्षणे. बाळाला अनोळखी खोलीत आईपासून थोडा वेळ दूर ठेवायचे आणि आई परत आल्यावर ते काय करते ते पाहायचे, ही त्यांची पद्धत होती. त्यातून सुरक्षित, टाळणारे आणि चिंतेने चिकटून राहूनही शांत न होणारे असे तीन आकृतिबंध पुढे आले. मोठ्या माणसांत हेच पाहायचे कसे, याची उत्तरे मात्र दोन ठिकाणी दोन तऱ्हेने दिली गेली.

सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी सरळ माणसांनाच विचारले. डेन्व्हरच्या 'रॉकी माउंटन न्यूज' या दैनिकात त्यांनी एक प्रश्नावली छापली. तिच्यात तीन छोटे परिच्छेद होते आणि प्रेमाच्या नात्यात आपल्याला जो लागू पडतो तो वाचकांनी निवडायचा होता. १९८७ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६२० जणांच्या उत्तरांत ५६ टक्के सुरक्षित, २५ टक्के टाळणारे आणि १९ टक्के चिंताग्रस्त निघाले.

दुसरी परंपरा मेरी मेन, कॅरोल जॉर्ज आणि नॅन्सी कॅप्लन यांची. त्यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात 'अ‍ॅडल्ट अटॅचमेंट इंटरव्ह्यू' ही मुलाखत तयार केली. तिचे संक्षिप्त नाव एएआय. इथे जोडीदाराविषयी विचारत नाहीत. बालपणाविषयी आणि आई-वडिलांविषयी विचारतात, आणि माणूस काय सांगतो यापेक्षा कसे सांगतो याला गुण देतात. दहा हजारांहून अधिक मुलाखतींचा एकत्रित आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मानसिक उपचार घेत नसलेल्या मातांमध्ये ५८ टक्के सुरक्षित, २३ टक्के नात्यांचे महत्त्व नाकारणाऱ्या आणि १९ टक्के जुन्या नात्यांत गुंतून पडलेल्या आढळल्या.

५६-२५-१९ आणि ५८-२३-१९. हे आकडे शेजारी ठेवले की दोन्ही साधने एकच गोष्ट मोजत असणार, असे कोणालाही वाटेल. आणि इथेच फसगत होते. ग्लेन रॉइसमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये, ज्या अभ्यासांत एकाच व्यक्तीवर मुलाखत आणि प्रश्नावली अशा दोन्ही पद्धती वापरल्या होत्या, ते एकत्र तपासले. दोहोंमधील सहसंबंध ०.०९ च्या आसपास निघाला, म्हणजे जवळजवळ नाहीच. टक्केवारी सारखी असली तरी माणसे तीच नाहीत. प्रश्नावलीत सुरक्षित ठरलेली व्यक्ती मुलाखतीत सुरक्षित ठरेलच असे नाही, आणि उलटही खरे.

याचा अर्थ एक पद्धत खरी आणि दुसरी खोटी असा नाही. आजच्या नात्यात आपल्याला काय वाटते आणि आपण काय करतो, याचे जाणीवपूर्वक दिलेले वर्णन प्रश्नावलीतून मिळते. मुलाखतीतून दिसते ते बालपणाच्या अनुभवांविषयी मनाची मांडणी किती सुसंगत आहे. 'माझे बालपण अगदी छान गेले' असे ठासून सांगणारा, पण त्याच्या पुष्ट्यर्थ एकही प्रसंग न आठवणारा माणूस जोडीदाराशी समाधानाने राहत असू शकतो. त्याची प्रश्नावली आणि त्याची मुलाखत दोन वेगळ्या गोष्टी सांगतील, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतील.

म्हणून कागदावर एक वाक्य लिहा: मला कोणाच्या, कोणत्या नात्यातल्या, कोणत्या गोष्टीविषयी जाणून घ्यायचे आहे? जोडप्यांच्या भांडणांचा अभ्यास असेल, तर जोडीदाराविषयीची प्रश्नावली योग्य. आई होणाऱ्या स्त्रीच्या बालपणाचा तिच्या मुलाशी असलेल्या नात्यावर काय परिणाम होतो हे पाहायचे असेल, तर मुलाखत. एखाद्याच्या आईशी, मित्राशी आणि जोडीदाराशी असलेल्या नात्यांची तुलना करायची असेल, तर प्रत्येक नात्यासाठी स्वतंत्र गुण देणारे साधन हवे. हे वाक्य लिहिता येत नसेल, तर मोजमापाची वेळ अजून आलेली नाही असे समजावे.

पायरी दुसरी: साधन निवडा

हेझन-शेव्हर यांचे तीन परिच्छेद आज वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ऐतिहासिकदृष्ट्या ते मोलाचे आहेत, पण एकाच निवडीवर सगळे वर्गीकरण अवलंबून ठेवले की मोजमाप डळमळते. मार्क बाल्डविन आणि बेव्हर्ली फेहर यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की पुन्हा विचारल्यावर सुमारे ३० टक्के लोक वेगळाच परिच्छेद निवडतात. तेवढ्या काळात तीस टक्के माणसांचा स्वभाव बदलला असेल, यापेक्षा फूटपट्टीच हलत असेल हे अधिक संभवते.

किम बार्थोलोम्यू आणि लिओनार्ड होरोविट्झ यांनी १९९१ मध्ये चार प्रकारांची मांडणी केली. स्वतःविषयीची धारणा चांगली की वाईट आणि इतरांविषयीची धारणा चांगली की वाईट, अशा दोन रेषा एकमेकींना छेदल्या की सुरक्षित, गुंतलेला, अलिप्त आणि भयग्रस्त असे चार चौकोन तयार होतात. त्यांच्या 'रिलेशनशिप क्वेश्चनेअर' या साधनात चार परिच्छेद असतात आणि प्रत्येकाला सात बिंदूंच्या श्रेणीवर गुण द्यायचे असतात. चर्चेला सुरुवात करून देण्यासाठी हे छान आहे. नेमके मापन हवे असेल तर प्रत्येक कल्पनेसाठी एकच परिच्छेद पुरत नाही.

आज सर्वाधिक वापरात असलेले साधनांचे कुटुंब 'एक्सपिरियन्सेस इन क्लोज रिलेशनशिप्स' म्हणजे ईसीआरचे. केली ब्रेनन, कॅथरिन क्लार्क आणि फिलिप शेव्हर यांनी १९९८ मध्ये तोवरच्या साधनांतील ३२३ विधाने एकत्र केली, ती हजाराहून अधिक विद्यार्थ्यांकडून भरून घेतली आणि घटक विश्लेषण केले, म्हणजे कोणती विधाने एकत्र चढतात-उतरतात ते आकडेवारीने शोधले. सगळा पसारा दोन मितींवर येऊन थांबला. पहिली मिती चिंतेची: आपल्याला सोडून दिले जाईल, आपण पुरेसे प्रिय नाही, ही धास्ती. दुसरी टाळण्याची: जवळीक आणि परावलंबन नकोसे वाटणे, मन बंद ठेवणे. त्यातून १८ अधिक १८ अशी ३६ विधानांची प्रश्नावली झाली. २००० मध्ये ख्रिस फ्रेली, नील्स वॉलर आणि ब्रेनन यांनी तिची सुधारित आवृत्ती केली, ती ईसीआर-आर. २००७ मध्ये १२ विधानांची लघु आवृत्ती आली. २०११ मध्ये आलेली ईसीआर-आरएस नऊच विधानांची आहे, पण तीच नऊ विधाने आई, वडील, जोडीदार आणि जवळचा मित्र यांच्याविषयी स्वतंत्रपणे विचारली जातात.

वेळ असेल आणि एकाच नात्याचा अभ्यास असेल, तर ३६ विधानांची आवृत्ती घ्यावी. मोठ्या सर्वेक्षणात भावबंध हा अनेक विषयांपैकी एक असेल, तर १२ विधाने पुरतात. वैयक्तिक समुपदेशनात मला ईसीआर-आरएस सर्वांत उपयोगी वाटते, कारण मित्रापाशी निर्धास्त असणारी व्यक्ती वडिलांपासून कोसभर दूर राहत असेल तर ते तिथे लगेच दिसते, आणि 'मी अशीच आहे' या समजुतीला आपोआप छेद जातो.

पायरी तिसरी: भाषेची काळजी घ्या

ही साधने मूळ इंग्रजीत आहेत. ती मराठीत वापरायची तर स्वतः बसून केलेला घाईचा अनुवाद चालत नाही. दोन अनुवादकांनी स्वतंत्रपणे मराठी करावे, दोन्ही जुळवून एक मसुदा करावा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीने तो पुन्हा इंग्रजीत न्यावा आणि जिथे अर्थ सरकला असेल तिथे दुरुस्ती करावी, ही रूढ पद्धत आहे. त्यानंतर काही माणसांसमोर बसून प्रत्येक विधान वाचायला लावावे आणि 'याचा तुम्ही काय अर्थ घेतला?' असे विचारावे. प्रत्यक्षात सर्वाधिक शिकायला मिळते ते या शेवटच्या टप्प्यात.

काही अडचणी खास आपल्या भाषेच्या आहेत. जोडीदारावर 'अवलंबून राहणे' म्हटले की कमकुवतपणाचा भास होतो. 'भरवसा ठेवणे' म्हटले की तेच गुण म्हणून वाचले जाते. या एका शब्दाने टाळण्याचा गुण वर-खाली होऊ शकतो. 'सोडून जाणे' आणि 'टाकून देणे' यांतही असाच फरक आहे, कारण दुसऱ्या शब्दाला अपमानाची धार आहे. क्रियापदाच्या लिंगाचा प्रश्न वेगळाच. 'मी मनातले सांगतो' असे छापले की स्त्री वाचकाला विधान परके वाटते आणि 'सांगतो/सांगते' असे दरवेळी लिहिले की वाचन अडखळते. 'मनातले सांगणे मला सोपे जाते' अशी 'मला' वापरणारी रचना केली की हा प्रश्न बहुतेक ठिकाणी सुटतो. उत्तरांच्या श्रेणीतही 'पूर्ण असहमत' आणि 'पूर्ण सहमत' हे शब्द फक्त दोन टोकांना ठेवावेत आणि मधल्या बिंदूंना नुसते आकडे द्यावेत, कारण 'थोडासा सहमत', 'काहीसा सहमत' आणि 'बऱ्यापैकी सहमत' यांची चढती भाजणी प्रत्येकाच्या मनात वेगळी असते.

'मला क्वचितच चिंता वाटत नाही' असल्या दुहेरी नकाराला थारा देऊ नये. मूळ विधानात नकार असेल तर तो ठेवावा, मात्र एकाच वेळी दोन नकार येऊ देऊ नयेत.

पायरी चौथी: प्रश्नावली भरून घ्या

सूचनेत नाते स्पष्ट करा. 'तुमच्या सध्याच्या जोडीदाराचा विचार करून' आणि 'प्रेमाच्या नात्यांत एकूणच तुम्हाला कसे वाटते याचा विचार करून' या दोन सूचनांनी वेगवेगळी उत्तरे मिळतात, म्हणून एकच निवडा आणि सर्वांना तीच द्या. जोडीदार नसलेल्या व्यक्तीने मागचे नाते आठवायचे की कल्पना करायची, हेही आधीच ठरवून लिहा.

जोडपे असेल तर दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत भरावी. शेजारी बसून भरलेली प्रश्नावली ही प्रश्नावली राहत नाही, संभाषण होते. नुकतेच भांडण झालेले असताना किंवा तोंडावर वियोग असताना घेतलेले गुण त्या दिवसाचे असतात. माणसाच्या नेहमीच्या कलाचे ते निदर्शक नसतात. शक्य असेल तर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा भरून घ्यावी आणि दोन्ही वेळचे गुण ठेवावेत. एकाने दुसऱ्याच्या वतीने भरलेली प्रश्नावली मात्र कधीही मान्य करू नये. 'माझा नवरा टाळणारा आहे' हे बायकोने भरलेल्या कागदावरून सिद्ध होत नाही. त्यातून फार तर तिला तो कसा भासतो हे कळते.

पायरी पाचवी: गुण काढा

मूळ विधाने इथे देत नाही, पण त्यांचे स्वरूप कळावे म्हणून माझी तीन नमुना विधाने पाहा. 'जोडीदाराचे उत्तर यायला उशीर झाला की माझे काही चुकले का, हा विचार मनात घोळत राहतो' हे चिंतेचे विधान. 'अडचणीच्या वेळी कोणाला सांगण्यापेक्षा स्वतःच मार्ग काढणे मला बरे वाटते' हे टाळण्याचे. 'मनातली काळजी जोडीदाराला सांगणे मला सोपे जाते' हेही टाळण्याचेच, पण उलट दिशेचे. इथे जास्त सहमती म्हणजे कमी टाळणे.

उलट दिशेच्या विधानांचे गुण बेरीज करण्यापूर्वी उलटवावे लागतात. श्रेणी १ ते ७ असेल तर ८ मधून उत्तर वजा करावे: ७ चा १ होतो, ६ चा २, आणि ४ तसाच राहतो. ईसीआर-आरएसमध्ये पहिली सहा विधाने टाळण्याची आहेत आणि त्यांतली पहिली चार उलटवायची असतात. शेवटची तीन चिंतेची. मूळ ३६ विधानांच्या ईसीआरमध्ये विषम क्रमांकांची विधाने टाळण्याची आणि सम क्रमांकांची चिंतेची आहेत. त्यांत ३, १५, १९, २२, २५, २७, २९, ३१, ३३ आणि ३५ ही दहा उलटवावी लागतात. आवृत्तीनुसार हे क्रमांक बदलतात, त्यामुळे एका आवृत्तीची किल्ली दुसरीला लावण्याची चूक फार सहज होते. आकडेवारीत टाळण्याची विधाने एकमेकांशी जुळत नसतील, तर सर्वांत आधी हेच तपासावे.

एक उदाहरण करून पाहू. कोणीतरी जोडीदाराविषयीच्या नऊ विधानांना क्रमाने ६, ५, ६, ७, २, ३, ५, ४, ६ अशी उत्तरे दिली. पहिली चार उलटवली की २, ३, २, १ होतात. त्यांत पुढची २ आणि ३ मिळवली की बेरीज १३, आणि सहाने भागल्यावर टाळण्याचा गुण २.१७. शेवटच्या तिघांची बेरीज १५, म्हणून चिंतेचा गुण ५.०. बेरजेऐवजी सरासरी घ्यायची, म्हणजे गुण पुन्हा १ ते ७ याच श्रेणीत येतात आणि एखादे उत्तर सुटले असले तरी उरलेल्यांची सरासरी काढता येते. चिंतेच्या तीनांपैकी दोन उत्तरे रिकामी असतील, तर मात्र तो गुण काढूच नये.

पायरी सहावी: गुणांचा अर्थ लावा

टाळणे २.१७ आणि चिंता ५.०. आता मोह होतो तो 'गुंतलेला प्रकार' (चिंता जास्त, टाळणे कमी) असे लिहून मोकळे होण्याचा. तसे का करू नये?

पहिले कारण कप्प्यांचेच. फ्रेली आणि वॉलर यांनी १९९८ मध्ये, आणि फ्रेली व सहकाऱ्यांनी पुन्हा २०१५ मध्ये, भावबंधांचे प्रकार खरोखर वेगळे गट आहेत की सलग पसरलेल्या मिती आहेत, हे अशा प्रश्नांसाठीच्या खास सांख्यिकी पद्धतींनी तपासले. दोन्ही वेळा कल मितींच्या बाजूने निघाला. उंचीचे उदाहरण घ्या. माणसांना उंच आणि बुटके असे म्हणता येते, पण निसर्गात तशी रेघ आखलेली नसते. श्रेणीच्या मध्यावर, म्हणजे ४ वर, रेघ मारली की ३.९ आणि ४.१ गुणांची जवळजवळ सारखी दोन माणसे वेगवेगळ्या कप्प्यांत जातात आणि ४.१ व ६.८ गुणांची अगदी भिन्न माणसे एकाच कप्प्यात बसतात. त्यातून ४ हा आकडा केवळ कागदावरचा मध्य आहे. लोकांची सरासरी तिथे असतेच असे नाही. तुलना करायची तर त्याच साधनाच्या, त्याच भाषेतल्या, वयाने आणि नात्याच्या स्थितीने जवळच्या नमुन्याशी, म्हणजे तेच साधन भरलेल्या लोकांच्या गटाशी, करावी. असा नमुना हाताशी नसेल, तर 'जास्त' किंवा 'कमी' हे शब्द जपून वापरावेत.

दुसरे कारण मापनातील त्रुटीचे. कोणताही गुण हा एक बिंदू नसतो, तो एक पट्टा असतो. समजा एखाद्या नमुन्यात प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) १.२ आहे आणि विश्वसनीयता गुणांक (मोजमाप किती स्थिर आहे याचे ० ते १ मधले माप) ०.९० आहे. मापनाची प्रमाण त्रुटी म्हणजे १.२ गुणिले (१ वजा ०.९०) चे वर्गमूळ, अर्थात सुमारे ०.३८. ९५ टक्के खात्रीचा पट्टा दोन्ही बाजूंना ०.७४ इतका होतो. म्हणजे ५.० हा गुण प्रत्यक्षात ४.३ ते ५.७ यांमध्ये कुठेही असू शकतो. लघु साधनात विश्वसनीयता ०.८० असेल, तर हाच पट्टा दोन्ही बाजूंना सुमारे १.०५ होतो. समुपदेशनाआधी ५.० आणि नंतर ४.४ आले म्हणून सुधारणा झाली, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. हे गणित एकदा स्वतः करून पाहिले की गुणांकडे पाहण्याची नजर बदलते.

तिसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. २००० च्या अभ्यासात फ्रेली आणि सहकाऱ्यांना आढळले की ही साधने श्रेणीच्या सुरक्षित टोकाला तुलनेने ढोबळ आहेत. चिंता आणि टाळणे यांचे वरचे टप्पे ती चांगले ओळखतात, पण १.५ आणि २.० यांतला फरक त्यांना नीट टिपता येत नाही. ईसीआरमध्ये सुरक्षितता थेट मोजलीच जात नाही. दोन्ही गोष्टी कमी असणे म्हणजे सुरक्षित, असे मानले जाते. म्हणून दोन्ही गुण कमी असलेल्या दोन व्यक्तींत कोण जास्त सुरक्षित, असला वाद या आकड्यांच्या बळावर घालू नये.

मग आपल्या उदाहरणातल्या व्यक्तीविषयी काय लिहायचे? 'जोडीदाराशी असलेल्या नात्यात जवळीक टाळण्याची वृत्ती कमी दिसते. नाते टिकेल की नाही याची चिंता मात्र श्रेणीच्या वरच्या भागात आहे. चिंतेचा गुण तीनच विधानांवर आधारलेला आहे.' इतके पुरे. त्यानंतर त्या व्यक्तीशी बोलावे. जोडीदार खरोखरच बेभरवशाचा असेल, तर ती चिंता तिच्या स्वभावातली आहे की परिस्थितीचे अचूक वाचन आहे, हे कोणतीही प्रश्नावली सांगू शकत नाही.

दोन गैरसमज इथेच दूर करावेत. प्रश्नावलीतील 'भयग्रस्त' प्रकार, म्हणजे चिंता आणि टाळणे दोन्ही जास्त, आणि बाळांच्या निरीक्षणातील 'विस्कळीत' प्रकार एकच आहेत असे सर्रास लिहिले जाते. विस्कळीत हा प्रकार मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी बाळांच्या वागण्यातील विसंगतींवरून वर्णिला होता. प्रौढाने आकड्यांवर खुणा केल्याने तो मोजला जात नाही. दुसरे असे की असुरक्षित भावबंध हा आजार नाही. भावबंधांच्या विकाराची जी निदाने मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात आहेत, ती गंभीर उपेक्षा झालेल्या लहान मुलांसाठी आहेत.

मुलाखत घ्यायची असेल तर

एएआय सुमारे वीस प्रश्नांची आणि साधारण तासाभराची असते. प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो. लहानपणच्या आईशी असलेल्या नात्याचे वर्णन करणारी पाच विशेषणे सांगायची आणि प्रत्येकासाठी एखादा प्रसंग आठवायचा, मग तेच वडिलांविषयी. त्यानंतर लहानपणी दुखले-खुपले तेव्हा काय केले, ताटातूट, नाकारले जाणे, जवळच्यांचे मृत्यू, अत्याचार, आणि आई-वडील तसे का वागले असावेत असे आज वाटते, असे प्रश्न येतात. मुलाखत शब्दन् शब्द उतरवली जाते, अडखळणे आणि विराम यांसकट, आणि गुण त्या लिखित मजकुराला दिले जातात.

गुण देताना तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांच्या संभाषणाच्या नियमांचा आधार घेतला जातो: जे सांगता त्याला पुरावा असावा, हवे तेवढेच सांगावे, विषयाला धरून सांगावे, स्पष्ट सांगावे. 'आई प्रेमळ होती' असे म्हणून प्रसंग विचारल्यावर 'तसे खास काही आठवत नाही' असे उत्तर वारंवार येत असेल, तर पहिला नियम मोडतो, आणि हे नात्यांचे महत्त्व नाकारण्याचे लक्षण मानले जाते. वडिलांविषयी विचारल्यावर कालच्या भांडणापर्यंत वाहत जाणारे, न संपणारे, रागाने भरलेले उत्तर गुंतून पडल्याचे लक्षण ठरते. एखाद्या मृत्यूविषयी बोलताना ती व्यक्ती अजून हयात असल्यासारखी भाषा मध्येच येणे, असे क्षण दुःख न मिटल्याची खूण म्हणून वेगळे नोंदवले जातात. बालपण कठीण गेले असूनही ते सुसंगतपणे, दोन्ही बाजू पाहून सांगता येत असेल, तर ती व्यक्ती सुरक्षित गणली जाते. या साधनाचे मला सर्वाधिक आवडणारे वैशिष्ट्य हेच आहे.

मात्र हे सगळे वाचून स्वतःच मुलाखतींना गुण देऊ नयेत. त्यासाठी सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि त्यानंतर दीर्घ विश्वसनीयता परीक्षा असते, आणि ती उत्तीर्ण न झालेल्यांचे वर्गीकरण संशोधनात ग्राह्य धरले जात नाही. प्रश्नांची यादी मित्राला विचारून त्याचा प्रकार ठरवणे तर धोक्याचेच आहे, कारण हे प्रश्न जुन्या जखमांवर थेट बोट ठेवतात आणि नंतर सावरायला कोणी तयार नसते.

निकाल सांगणे आणि नोंद ठेवणे

निकाल सांगताना प्रकाराचे नाव घेण्याआधी त्या व्यक्तीने दिलेली दोन-तीन उत्तरे तिच्यासमोर ठेवा आणि 'हे तुमच्या अनुभवाशी जुळते का?' असे विचारा. बहुतेक वेळा नावापर्यंत जाण्याची गरजच पडत नाही. नोकरी देण्यासाठी किंवा कोण चांगला जोडीदार ठरेल हे ठरवण्यासाठी हे गुण वापरायचे असतील, तर नकार द्यावा. ही साधने त्यासाठी तयार झालेली नाहीत आणि अशा ठिकाणी माणसे स्वतःला सुरक्षित भासवणारी उत्तरे सहज देऊ शकतात.

नोंदीत साधनाचे पूर्ण नाव, आवृत्ती आणि विधानांची संख्या, भाषा, अनुवाद कसा झाला, कोणत्या नात्याविषयी विचारले, दिलेली सूचना शब्दशः, भरल्याची तारीख, दोन्ही मितींचे गुण दोन दशांशांपर्यंत, रिकामी राहिलेली उत्तरे आणि तुलनेसाठी घेतलेला नमुना, एवढे असावे. त्या काळात घरात आजारपण, विभक्त होणे किंवा मृत्यू असे काही घडले असेल, तर तेही एका ओळीत लिहावे. सहा महिन्यांनी दुसरे गुण हाती आले की अर्थ लावताना सर्वांत आधी तीच ओळ शोधावी लागते.